ड्रम नसलेल्या बँडचा ताल

कडूबा हिवराळे त्या पबमध्ये गेला होता पाणी घ्यायला. प्यायला नव्हे, तपासायला. मँचेस्टरच्या एका प्रयोगशाळेत तो केमिस्ट होता आणि आठवड्यातले काही दिवस व्हॅन घेऊन गावोगावच्या नळांचे नमुने गोळा करत फिरायचा. शाळा, नर्सिंग होम, पब, जिथं नळ तिथं कडूबा. जंतू मरायला नळाचं तोंड छोट्या बर्नरनं भाजून घ्यायचं, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, बाटली भरायची, झाकण लावायचं आणि पुढच्या गावाला निघायचं.

साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. रॉचडेलच्या पलीकडे, जिथं रस्ता डोंगर चढायला लागतो तिथं, ब्लॅक लॅम्ब नावाचा जुना पब होता. मंगळवारची दुपार होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. कडूबा स्वयंपाकघरात बाटली भरत होता, तेवढ्यात मागच्या खोलीतून कुणीतरी वाजवायला लागलं. आधी त्यानं लक्ष दिलं नाही. मग ध्यानात आलं की आपला पाय फरशीवर ठेका धरतोय आणि बाटली भरून पाणी बाहेर सांडतंय.

झाकण लावून तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पाच जण गोल करून उभे होते. एकाच्या गळ्यात बँजो, एकाच्या हातात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, एकाकडे गिटार. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा छातीशी मँडोलिन धरून होता. आणि फुलाफुलांचा ड्रेस घातलेली एक जाडजूड बाई आपल्याहून उंच डबल बेसला मिठी मारल्यासारखी उभी राहून त्याच्या तारा बोटांनी ओढत होती. गाणं असं पळत होतं की मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती.

कडूबा मान वाकडी करून दाराच्या मागं बघायला लागला. तिथं कोट टांगलेले होते. मग त्यानं खिडकीच्या पडद्याकडं पाहिलं.

गाणं संपल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "काही हरवलंय का?"

"तुमचा ड्रमवाला कुठंय?"

पाचही जण हसले. म्हातारा मात्र हसून लगेच गंभीर झाला. "ब्लूग्रास आहे हे. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, बेस. फार तर एखादा डोब्रो, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार. वायर नाही, प्लग नाही आणि ड्रम तर अजिबात नाही."

"मग ताल कोण धरतं?"

"सगळेच," म्हातारा म्हणाला आणि मँडोलिन सुरात लावायला लागला.

हे उत्तर कडूबाला पटलं नाही. पुढचे सगळे नळ उरकताना तो तेच मनात घोळवत होता. सगळे ताल धरतात म्हणजे कुणीच धरत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते मत जुनं होतं. जालना जिल्ह्यात त्याच्या वडिलांची गायन पार्टी होती. एप्रिल जवळ आला की पार्टी गावोगाव भीमगीतं गात फिरायची, आणि कडूबा हात पुरायला लागले तेव्हापासून ढोलकीवर होता. ढोलकीवाला एस.टी. चुकून उशिरा आला तर गाणारे चहा पीत बसून राहायचे, तोंड उघडायचे नाहीत. औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकताना, पुढं स्कॉलरशिपवर मँचेस्टरला येतानाही ढोलकी त्याच्याबरोबर होती. आता ती फ्लॅटमध्ये कपाटावर होती, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंना आवाजाचा त्रास व्हायचा.

संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. लता हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती, दिवसभराच्या ड्यूटीनं पाय आखडलेले. ती म्हणाली, "अहो, त्यांच्या गाण्याला नसेल लागत ढोलकी. चर्चमधल्या गाण्याला तरी कुठं लागते?"

"चर्चमधलं गाणं बसून ऐकता येतं. हे ऐकताना पाय थांबत नव्हता, लता. पाय कुणीतरी हलवत होतं. ते कोण, एवढंच मला बघायचंय."

पुढच्या मंगळवारपासून त्यानं फेरीचा रस्ता उलटा केला. ब्लॅक लॅम्बचा नळ शेवटी यायला लागला आणि ड्यूटी संपली की तो मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागला. हळूहळू मंडळी ओळखीची झाली. बँडचं नाव होतं टिन बाथ बॉइज, मॉरीन त्यात असूनसुद्धा. मॉरीन म्हणजे ती बेसवाली. शाळेच्या किचनमध्ये मुलांना जेवण वाढायची, दुपारी मोकळी असायची. म्हातारा होता आर्थर, रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनमधून रिटायर झालेला. बँड त्याचा, आणि नियमही त्याचे. बँजोवाला दूध टाकायचा. बाकीचे दोघे शिफ्टवाले.

कडूबाला आधी वाटलं, ताल बँजोत आहे, कारण त्याची तीन बोटं मशीनसारखी चालायची. मग वाटलं गिटारमध्ये. दोन-तीन मंगळवार तो डोळे मिटून एकेकाच्या मागावर राहिला, आणि प्रत्येक वेळी ताल हातातून निसटला. शेवटी केमिस्टचं डोकं चाललं. पाण्यात दोष कशामुळं आहे ते कळत नसेल तर एकेक गोष्ट काढून बघायची.

"आर्थर, एक विनंती आहे," तो म्हणाला. "एकच गाणं वाजवा. मी हात वर करून ज्याच्याकडं बघेन, त्यानं थांबायचं, हात खाली केला की परत यायचं. बाकीच्यांनी चालू ठेवायचं."

"कशासाठी?"

"मला बघायचंय कोण गेल्यावर घर पडतं."

मॉरीनला ही कल्पना फार आवडली. आर्थरनं मिशी चावली, पण तयार झाला.

बँजो थांबला. गाणं थोडं उघडं पडलं, तरी चालत राहिलं. फिडल थांबलं तेव्हा तर फारसं काहीच झालं नाही, फिडलवाल्याचं तोंड तेवढं पडलं. गिटार गेल्यावर गाणं अंगानं बारीक झालं. मग कडूबानं मॉरीनकडं पाहिलं. तिनं हात उचलला आणि खोलीतली जमीनच निघून गेली. सूर होते, वेग होता, पण सगळं हवेत लटकत होतं. बेस परत आला. मग आर्थरची पाळी. म्हाताऱ्यानं मँडोलिनवरचा हात उचलला आणि चार ओळी जातात न जातात तोच बाकीचे धावत सुटले. बँजो फिडलच्या पुढं, फिडल गिटारच्या पुढं, आणि शेवटी सगळे एकमेकांवर आदळून थांबले.

कडूबा खुर्चीतून उठला होता.

"दोघांनी वाटून घेतलीय," तो म्हणाला. आनंदात तो हे मराठीत बोलला होता, म्हणून परत इंग्रजीत सांगावं लागलं. "माझ्या वाद्याला दोन तोंडं असतात. डाव्या हाताखालचं घुमतं, उजव्या हाताखालचं कडकडतं. घुमणारं मॉरीनकडं आहे. आणि तुम्ही मधल्या मधल्या जागी तारा दाबून जो चाप मारता ना, तो माझा उजवा हात. एक ढोलकी तुम्ही दोन माणसांत फाडलीय!"

आर्थरनं मँडोलिनकडं असं पाहिलं जसं ती आपल्यापासून काही लपवत आली होती. "आम्ही त्याला चॉप म्हणतो," तो म्हणाला. "पण ड्रमचं काम आहे खरं."

पुढच्या मंगळवारी कडूबानं ढोलकी नेली. तोडलेली दोन तोंडं जोडली तर काय होईल, हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. त्या दुपारी ब्लॅक लॅम्बमध्ये जे वाजलं त्यानं पबची मालकीण ग्लास पुसायचं सोडून दारात आली. बँजोवाला ओरडत होता. मॉरीन घामेघूम झाली. कडूबाला तर आपण कुठल्या देशात आहोत याचं भान नव्हतं.

सगळे थांबल्यावर आर्थरनं रुमालानं कपाळ पुसलं. "झकास," तो म्हणाला. "पण हे ब्लूग्रास नाही. मजा म्हणून ठीक आहे. बँडमध्ये याला जागा नाही."

कडूबानं ढोलकी पिशवीत घातली, सगळ्यांना थँक यू म्हटलं आणि निघाला. त्यानंतर कितीतरी मंगळवार तो गेला नाही. फेरीचा रस्ता पुन्हा बदलला. ब्लॅक लॅम्बचा नळ सकाळीच उरकायला लागला.

लतानं काही दिवस बघितलं आणि एका रविवारी भाजी निवडता निवडता विचारलं, "राग कशाचा आलाय? ढोलकीला नाही म्हणाला त्याचा, की तुम्हाला नाही म्हणाला त्याचा?"

"दोन्ही एकच आहे."

"एकच आहे का?"

कडूबानं भाजीची एक जुडी पुढं ओढली. याला जागा नाही, हे वाक्य त्याच्या घरात फार मागून चालत आलेलं होतं. त्याचा आजा गावात डफडं बडवून दवंडी द्यायचा. ते गावकीचं काम होतं, मागून घेतलेलं नव्हतं. डफडं गावभर फिरायचं, पण वाजवणाऱ्यानं ओट्यावर चढायचं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली आणि कडूबाच्या वडिलांनी सांगितलं, आता या घरातून गावासाठी डफडं वाजणार नाही. पुढं त्यांनी ढोलकी घेतली ती आपल्या माणसांच्या गाण्यासाठी, आपल्या मर्जीनं. त्या ढोलकीला कुणी जागा नाही म्हटलं की कडूबाच्या कानात एकदम सगळा गाव बोलायला लागायचा.

"त्या म्हाताऱ्याला हे माहीत असेल का?" लता म्हणाली.

"नसणार."

"मग सांगा की. नाहीतर विचारा तरी, नियम कुणी केला म्हणून. एरवी तर बादलीतलं पाणी बघूनसुद्धा दहा प्रश्न विचारता."

कडूबा आधी सेंट्रल लायब्ररीत गेला. तिथं शनिवारी संगीताच्या कपाटापाशी बसून त्यानं वाचलं, आणि जे सापडलं त्यानं तो चक्रावून गेला. ब्लूग्रास काही फार पुरातन नव्हतं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास घडलेलं गाणं, जवळजवळ त्याच्याच पिढीचं. डोब्रो तर मागाहून आत आला. आणि बँजो मुळात गोऱ्यांचा नव्हताच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून जे वाद्य केलं, त्याचा तो नातू. त्याच माणसांच्या हातातले ढोल मालकांनी कित्येक ठिकाणी कायद्यानं काढून घेतले होते, कारण ढोलावरून निरोप जातात आणि बंडं होतात, अशी भीती. कडूबा ते पान उघडं ठेवून बसून राहिला. तिकडं ढोल हिसकावून घेतला तो जुलूम होता. आपल्याकडं डफडं खाली ठेवलं ती सुटका होती. वाद्य एकच आणि अर्थ असे उलटे. हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तो थेट आर्थरसमोर जाऊन बसला.

"तुमचा बँजो म्हणजे दांडा लावलेला ढोल आहे," तो म्हणाला. "कातडं आहे, कडं आहे, ताण द्यायच्या खुंट्या आहेत. तो चालतो. डोब्रो मागून आला, तो चालतो. मग ढोलकीला नाही कोण म्हणालं? आणि आर्थर, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं, मला नाही म्हणताय. आमच्या घरी याचा मोठा इतिहास आहे."

आणि त्यानं तो सांगितला. आज्याचं डफडं, ओटा, छप्पन साल, वडिलांची ढोलकी. बँजोवाल्यानं हळूच आपला बँजो उलटा करून कड्याकडं पाहिलं.

आर्थरनं मँडोलिन मांडीवर ठेवली. "मला हे काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तू आला नाहीस तेव्हा मला वाटलं, कंटाळलास. हे बघ, मला जे ठाऊक आहे ते सांगतो. ढोलकी आली की माझ्या चॉपला काम उरत नाही. मॉरीनलाही नाही. त्या दिवशी मी नुसता हात हलवत होतो, ऐकू कुणालाच येत नव्हतं. ड्रम नाही म्हणून आम्ही पाच जण एकमेकांचं ऐकतो. ऐकलं नाही तर पडतो. तू आम्हाला पाडून दाखवलंस की. मला ते पडायचं भय आवडतं. नियम कुणी केला ते मला माहीत नाही."

"म्हणजे नाही ते ढोलकीला."

"ढोलकीला. तुला नाही. तुझी खुर्ची अजून तिथंच आहे."

कडूबाला या उत्तरात खोट सापडेना. त्यानं शोधली, अगदी घरी जाईपर्यंत शोधली. म्हातारा दार अडवून उभा नव्हता, आपल्या कामाला जपत होता. हे पटलं तरी थोडं दुखत राहिलं. पण मंगळवार पुन्हा सुरू झाले.

दोन वर्षांनी मॉरीनच्या बोटांचे सांधे धरले. जाड तारा ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी तिनं बेस भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "केड, इकडं ये." कडूबा हे नाव तिला कधीच जमलं नव्हतं. "तुझं ते डाव्या हाताचं तोंड इथं आहे म्हणालास ना? घे."

"मला सूर येत नाहीत, मॉरीन. मला फक्त ताल येतो."

"सूर मी शिकवते. ताल शिकवता येत नाही."

मॉरीननं बेस त्याला वापरायला दिला आणि तो गाडीत घालून मँचेस्टरला न्यायचा म्हणजे एक सोहळाच झाला. पुढची सीट आडवी केली, बेसची मान डॅशबोर्डला टेकली, लता मागच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली. "माझ्या मांडीवर हा पाय कुणाचा आहे?" ती हसत हसत ओरडत होती. फ्लॅटमध्ये बेस न्हाणीघराच्या दाराशीच मावला. आंघोळीला जाताना त्याला वळसा घालून जावं लागायचं. खालच्या बाईंनी मात्र तक्रार केली नाही. उलट जिन्यात भेटल्यावर म्हणाल्या, हे ऐकताना आम्हाला झोप छान लागते.

बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. सूर सापडायला वर्ष गेलं. मॉरीन शेजारी उभी राहून बेसच्या मानेवर खडूच्या खुणा करायची. पण खरी अडचण वेगळीच होती. अर्धी ढोलकी वाजवायची आणि अर्धी दुसऱ्यावर सोडायची, हे त्याच्या अंगाला माहीत नव्हतं. मधली रिकामी जागा आली की त्याच्या बोटांना ती भरायची घाई व्हायची. "ती माझी आहे," आर्थर मान न वळवता म्हणायचा. हळूहळू कडूबाला त्या रिकाम्या जागेची चव कळली. आपण धुम् द्यायचा आणि थांबायचं. थांबलं की समोरून चाप येतोच. दुसरा येणार यावर भरवसा ठेवून थांबणं, हे त्यानं ढोलकीवर कधी केलं नव्हतं.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात डार्बिशरमधल्या एका शेतावर ब्लूग्रासचा मेळा भरला. गवताच्या गंज्या, तंबू, चिखल, टोप्या. लता डब्यात पुरणपोळ्या घेऊन आली होती आणि मॉरीन त्या सगळ्यांच्या आधी खात होती. टिन बाथ बॉइज दुपारी स्टेजवर चढले. स्टेज म्हणजे उघडा ट्रेलर. बेसजवळच्या तपकिरी माणसाकडं लोकांनी एकदा वळून पाहिलं आणि गाणं सुरू झाल्यावर सोडून दिलं.

तिसरं गाणं ऐन वेगात असताना आर्थरच्या मँडोलिनचा पट्टा तुटला. वाद्य खाली निसटलं, म्हाताऱ्यानं ते दोन्ही हातांनी पोटाशी पकडलं आणि चाप बंद पडला. कडूबाला पुढचं माहीत होतं. बँजो आता धावणार. खरंच त्याची बोटं सुटायला लागली. कडूबानं धुम् दिला आणि रिकामी जागा आल्याबरोबर उजव्या हाताचा तळवा तारांवर असा मारला की लाकडावर कडक् आवाज झाला. धुम्, कडक्. धुम्, कडक्. बँजोवाल्यानं दचकून मागं पाहिलं आणि मुकाट्यानं जागेवर आला. आर्थर ट्रेलरवरच्या गवताच्या गठ्ठ्यावर बसून पट्ट्याला गाठ मारेपर्यंत कडूबानं दोन्ही तोंडं एकट्यानं सांभाळली. आर्थर उभा राहिला, त्यानं चाप धरला, आणि कडूबानं उजवा हात लगेच काढून घेतला.

खाली उतरल्यावर आर्थरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुठं शिकलास?"

"बापाकडं," कडूबा म्हणाला. "पण थांबायला तुमच्याकडं शिकलो."

छप्पन वर्षं संसार केलेली बायको गेल्यावर आर्थरला एकट्यानं राहणं जमेना. शहाण्णव साली तो कॉर्नवॉलला लेकीकडं राहायला गेला आणि जाताना बँड कडूबाच्या गळ्यात घालून गेला. बँजोवाल्याला ते नको होतं, आणि बाकीच्यांना शिफ्ट होत्या. मँडोलिनवर बरी नावाच्या गावचा एक शाळामास्तर आला. मँचेस्टरमध्ये तोवर ट्राम सुरू झाली होती. पब होता तिथंच होता.

एका मंगळवारी लताच्या वॉर्डमधली नर्स वैजयंती अकॉर्डियन घेऊन आली. नागपूरची मुलगी, चांगलं वाजवायची. वाजवून झाल्यावर तिनं सरळ विचारलं, "काका, हे तुमच्या बँडमध्ये चालतं का?"

खोलीतले सगळे कडूबाकडं बघायला लागले. चालतं म्हणावं तर फिडल बुडत होतं, त्यानं आताच कानानं ऐकलं होतं. नाही म्हणावं तर ते शब्द त्याच्या तोंडून निघेनात.

"चालतं की नाही, हे मला अजून माहीत नाही," तो शेवटी म्हणाला. "तू दर मंगळवारी येत जा. इथं वाजव, कमी वाजव, आम्हाला ऐक. बाहेर कार्यक्रमाला मात्र आत्ता नाही नेणार, आणि का ते मी तुला नीट सांगणार आहे. बस आधी."

वैजयंती बसली. तिला ते पूर्ण पटलं नव्हतं, हे दिसत होतं. कडूबानं तिच्यासाठी चहा सांगितला, खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली आणि बोलायला लागला. बाकीचे वाद्यं सुरात लावत राहिले. चहा गार झाला तरी वैजयंतीचे प्रश्न संपले नव्हते, आणि त्याला त्याचा फार आनंद होत होता.